लंगोटावरच्या मुंग्या

माझ्या सासूला लिहिता-वाचता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा तमाशा तिथून सुरू झाला. नाही येत तर नाही येत, त्यात लाजायचं काय? पण जो कागद आपल्याला वाचता येत नाही, त्यावरून दुसऱ्याच्या ताटात किती वाढायचं ते ठरवायचं, याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

तो कागद आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. कागद माझ्या सासऱ्यांचा. अनंता त्यांचं नाव, वय बासष्ट, बारा वर्षांपासून शुगर, आणि त्या शुगरपायी चार वर्षांपूर्वी उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हा हॉस्पिटलमधून काय खायचं, काय नाही याचा चित्रांचा तक्ता मिळाला. दुधीला हिरवी खूण, अर्ध्या भाकरीला हिरवी खूण. भात, बटाटा, केळं, लाडू यांच्यावर लाल फुली. माझी सासू वेणूबाई त्या चित्रांवर घर चालवते. चार वर्षं चालवतेय आणि सासरे धडधाकट बसलेत, म्हणून तो कागद तिच्यासाठी देव्हाऱ्याच्या खालोखाल.

आता माझं ऐका. मी विनिता. माहेर उल्हासनगर, कॅम्प चार. सासर बदलापूरचं सोनिवली, नव्या टॉवरांच्या मागे जे जुनं गावठाण उरलंय तिथे. सातव्या महिन्यात माझी शुगर जरा वर गेली. डॉक्टर म्हणाले, होतं असं, जपून खा. मी जपून खाल्लं. मुलगी झाली, सव्वा महिना मम्मीकडे काढला, पुन्हा तपासणी केली. एकदम नॉर्मल. तो रिपोर्ट घेऊन मी सासरी आले आणि सासूच्या हातात दिला.

तिने उलटापालटा करून बघितला. "यावर चित्र कुठं हाय?"

"आई, चित्र नसतं त्यात. शुगर गेली माझी."

"शुगर एकदा घरान शिरली का जात नाय," ती म्हणाली. "मना शिकवू नको."

आणि त्या दिवसापासून मी सासऱ्यांच्या कागदावर. सकाळी चहा, बिनसाखरेचा. दुपारी दीड भाकरी, दुधीचं पाणचट कालवण. रात्री एक भाकरी आणि पडवळ. पाणीही मोजून, ओवा घालून उकळलेलं, दिवसाला चार पेले, कारण बाळंतिणीच्या कच्च्या अंगाला पाणी बाधतं म्हणे. आणि तीन महिने चुलीपाशी जायचं नाही, उंबऱ्याबाहेर जायचं नाही, म्हणजे स्वतःच्या हाताने काही करून खायची सोय नाही. माझी पोरगी दर दोन तासांनी माझं रक्त ओढल्यासारखं दूध ओढायची आणि मी भिंतीला टेकून दुधीचे ढेकर द्यायचे.

मम्मीने डिंकाच्या लाडवांचा डबा भरून दिला होता. मम्मी जीन्सच्या कारखान्यात शिलाईला जाते, आठ तास मशीनवर बसून आल्यावर रात्री डिंक तळून तिने ते लाडू वळले. सासूने डबा घेतला, उघडून बघितला, कागदावरचं चित्र बघितलं आणि डबा कपाटावर चढवला. बरं, चढवला तर चढवला. पण बाळ बघायला कोणी आलं की तो डबा खाली उतरायचा! शेजारपाजारच्या बाया माझ्यासमोर बसून माझ्या आईचे लाडू खायच्या आणि मला विचारायच्या, "काय गो, एवढी का सुकलीस?" सुकणार नाही तर काय फुगणार?

रोज दुपारी चारला मला भूत लागायचं. दुसरा शब्दच नाही त्याला. पोरीला पाजायला घेतलं की घशाला कोरड पडायची, हातपाय गळायचे आणि डोळ्यांपुढे फक्त गोड. लहानपणी कॅम्पातल्या सिंधी मिठाईवाल्याकडे शेवेची मिठाई मिळायची, पिवळीधमक, वर खवा. ती मला दिसायची. अगदी वास यायचा. मी पोरीचं तोंड बघायचं सोडून मिठाई बघत बसायचे आणि मग स्वतःची किळस यायची. वाटायचं, सासू म्हणते ते खरं असेल तर? माझ्या अंगात ती शुगर दबा धरून बसली असेल आणि तीच मागत असेल तर?

नवऱ्याला सांगून बघितलं. अल्पेश अंबरनाथला कंपनीत आहे, शिफ्टवाला. एकदा चॉकलेट आणलं बिचाऱ्याने खिशात लपवून. आईने पँट धुवायला घेतली आणि चॉकलेटचा कागद सापडला. त्यावर तिने जो काही तमाशा केला, त्यानंतर साहेबांनी हात वर केले. "तुमच्या दोघींच्या मध्ये मी पडत नाही, विनी. डोक्याला शॉट नको." मध्ये पडत नाही म्हणजे आईच्या बाजूला पडतो, एवढं मला कळतं.

मग मी चोरी सुरू केली. सरळ सांगते. सासू अंगणात मासे साफ करायला बसली की मी देव्हाऱ्यातल्या वाटीतली खडीसाखर उचलायचे. नैवेद्याची. आणि एक दिवस ती शेजारी हळदीला गेली तेव्हा स्टुलावर चढून कपाटावरचा डबा काढला आणि सहा लाडू काढून घेतले. माझ्याच आईचे लाडू मी चोरले! पोरीच्या लंगोटांचा खण होता, तिथे एका मऊ लंगोटात गुंडाळून खाली सारले. सासू पोरीला आंघोळ घालायची, पण लंगोट धुणं, घड्या घालणं, ओला काढून सुका बांधणं माझ्याकडे, त्यामुळे त्या खणात तिचा हात जात नव्हता. दार लोटायचं, पोरीला छातीला लावायचं आणि एका हाताने लाडू खायचा. चव कसली घेतेय, गिळायचे नुसती. त्याच चिकट हाताने लंगोट बदलायचा.

खडीसाखरेची वाटी मात्र सासूच्या नजरेत आली. तिने सरळ सासऱ्यांना धरलं. "देवाचा खाता? लाज नाय वाटत? एक पाय गेला तो कमी पडला का?" सासरे ओटीवर खुर्चीत बसलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दारात पोरीला घेऊन उभी. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "खाल्ली. चुकलो." त्या रात्री त्यांच्या अर्ध्या भाकरीची पाव भाकरी झाली. आणि मी गप्प राहिले. ती पाव भाकरी ते किती वेळ चावत होते ते मी बघितलं, आणि तरीही गप्प राहिले. सासूचा राग आला, तसा त्या दिवशी स्वतःचाही आला.

त्यानंतर चारेक दिवसांनी सकाळी सासू खोलीत आली. कोपऱ्यात ओले लंगोट पडले होते, नेहमीसारखे. मी पोरीला थोपटत होते. सासूने एक लंगोट उचलला आणि तिच्या तोंडचा रंगच उडाला.

"मुंग्या," ती म्हणाली.

लंगोटावर लाल मुंग्या होत्या. दोन-चार नाहीत, चांगली रांग.

"पोरीच्या मुतावर मुंग्या! अनंता, अहो, बघा!" ती कधी नव्हे ते सासऱ्यांना नावाने हाका मारत सुटली. "पोरीला शुगर आली! हिच्या दुधान शुगर हाय! मी सांगत व्हते, मी पैल्यापास्नं सांगत व्हते!"

पोरगी दचकून रडायला लागली. मी तिला छातीशी धरली, तर सासूने ती माझ्या हातातून ओढून घेतली. खरंच ओढली. "हात लावू नको तिना. विख पाजतेस!"

माझं टाळकं सटकलं. "आई, द्या तिला इकडे. भूक लागलीय तिला."

"अल्पेश! पावडरचा डबा आन. आत्ताच्या आत्ता जा."

आणि अल्पेश गेला. कुठली शिफ्ट नव्हती, झोप काढत होता, उठला, चप्पल घातली आणि बदलापूर स्टेशनपाशी मेडिकलवर गेला. दुपारपर्यंत माझी पोरगी बाटलीतून डब्याचं दूध पीत होती, सासूच्या मांडीवर, आणि बाटली तोंडातून ढकलत माझ्याकडे मान वळवत होती. मी समोर बसलेले. छाती दगडासारखी झाली, ब्लाउज भिजला, अंगात कणकण आली. मी भांडले का नाही? कारण मी घाबरले होते हो. शुगर मुंग्यांवरून कळते हे या गावात सगळ्यांना ठाऊक. आणि मी तर लाडू खाल्ले होते, खडीसाखर खाल्ली होती. मला वाटलं, झालं. केलंस तू. तुझ्या जिभेपायी पोरीला रोग लावलास.

संध्याकाळी सासूने हुकूम सोडला, "सुका लंगोट दे." मी खण उघडला. आणि बघतच राहिले. खणाच्या फटीतून मुंग्यांची रांग आत गेलेली, घड्यांवरून चढून थेट त्या गुंडाळीपर्यंत. लाडवांवर मुंग्या. घड्यांवर मुंग्या. जो लंगोट मी पोरीला बांधणार होते, त्याच्या शिवणीत लाडवाचा चुरा.

म्हणजे पोरीला काही नव्हतं. माझ्या दुधालाही काही नव्हतं. एवढं हलकं वाटलं की मी खाली बसले. आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की हे सांगायचं म्हणजे चोरी सांगायची. या बाईसमोर! जिने चॉकलेटच्या कागदावरून घर डोक्यावर घेतलं, तिच्यासमोर. जन्मभर पाहुण्यांना सांगेल, सून देवाच्या वाटीतलं खाते. मी लंगोट झटकला, नीट बघून तिच्या हातात दिला, लाडू मोरीत टाकून वर पाणी ओतलं. म्हटलं, मुंग्या जातील, दोन दिवसांत विषय संपेल, मग हळूच पोरीला घेईन छातीला.

पण सासू अशी सोडणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी पोरीचं दहा आठवड्यांचं इंजेक्शन होतं. सासूने फ्रिजवरचा कागद सोलून काढला, घडी करून कमरेला खोचला आणि आम्ही निघालो. आरोग्य केंद्रात इंजेक्शनचा दिवस म्हणजे बाकावर बाकाला लागून बाया, अर्ध्या आमच्याच गावच्या. सिस्टर यशोधरा टेबलाशी. बाई कडक, पण सरळ.

नंबर आला तशी सासू पुढे. "सिस्टर, सुई मागाहून. आदी पोरीचा रगत काढा. शुगर हाय तिना. आन हिला दूध सुकवायची गोली द्या."

दूध सुकवायची गोळी! हे ती मला घरी बोललीच नव्हती.

"कोणी सांगितलं शुगर आहे?" सिस्टरने विचारलं.

"मुंग्या लागल्या लंगोटाला. मी डोल्यान बगितल्या. हिना शुगर हाय, ती दुधान उतरली. यो बगा कागद, डॉक्टरचा हाय, याच्यावर ठेवलंय मी हिला, तरी जात नाय."

सिस्टरने कागद उघडला. वरून खाली वाचला आणि मोठ्याने म्हणाली, "अनंता, पुरुष, वय अठ्ठावन्न. आजी, ही तुमची सून अठ्ठावन्न वर्षांची आहे का?"

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. सासूची मान ताठ झाली. "शुगर ती शुगर."

"नाही. हा त्यांचा कागद. ही पाजणारी बाई आहे. काय काय खाते दिवसभरात?" सिस्टरने मला विचारलं. मी सांगितलं. दीड भाकरी, दुधी, चार पेले पाणी. सिस्टरने पेन खाली ठेवलं. "आणि गोड खावंसं वाटतं का फार? दुपारच्याला?"

मला रडूच फुटलं. या बाईला चारचं भूत कसं माहीत?

"वाटणारच," सिस्टर म्हणाली, माझ्याशी नाही, सासूशी. "बाळ हिच्या अंगातून खातंय. हिच्या पोटात काही नाही, पाणी नाही, झोप नाही, मग शरीर जे पटकन मिळेल ते मागतं. गोड मागतं. तो रोग नाही, भूक आहे. पोटभर जेवू घाला. भाकरी, डाळ, मासे, अंडं. मधल्या वेळेला चणे, शेंगदाणे. पाजायला बसली की शेजारी पाण्याचा तांब्या. मग बघा गोडाचा सोस आपोआप कमी होतो. आणि जेवणावर एखादा लाडू खाल्ला तर काही बिघडत नाही. आईने साखर खाल्ली म्हणून दूध साखरेचं होत नाही, आजी."

"मंग मुंग्या कुठून आल्या?" सासू ओरडलीच. "सांगा ना! मुंग्या कुठून आल्या? तुमी रगत काढा तिचा. मी इतून हलनार नाय."

सिस्टरने सुस्कारा सोडला. "बरं. तुमची खात्री होऊ दे. टाचेला टोचते." आणि तिने पोरीचा पायमोजा काढला.

तो इवलासा पाय सिस्टरच्या हातात. सासूचे डोळे त्या पायावर खिळलेले. बाया माना वर करून बघताहेत. मी अजूनही गप्प राहू शकले असते. टोचलं असतं, काही निघालं नसतं. पण सासूच्या मनातल्या मुंग्या गेल्या नसत्या, आणि घरी गेल्यावर पोरगी पुन्हा बाटलीवर. मला माझी पोरगी छातीला हवी होती. दुसरं काही नको होतं.

"थांबा," मी म्हटलं. "मुंग्या माझ्या आहेत."

सिस्टरने हातातली सुई खाली ठेवली.

"लाडू चोरले मी. कपाटावरच्या डब्यातले. लंगोटांच्या खणात लपवले आणि पोरीला पाजताना खाल्ले. चुरा लंगोटाला लागला. त्याला लागल्या मुंग्या. पोरीला काही नाही झालेलं."

कानशिलं तापली माझी. मागे कुजबुज सुरू झाली, "चोरून खाल्ले गो, वेणूची सून..." बोलू दे. ऐकू दे. मी सिस्टरच्या हातातून पोरीला घेतलं, पदर ओढला आणि तिथेच बाकावर तिला छातीला लावलं. कालपासून उपाशी असल्यासारखी ओढायला लागली. दुखलं, जीव गेला दुखून, पण सोडलं नाही मी.

मला वाटलं सासू आता माझ्या झिंज्या धरणार. ती समोरच्या बाकावर बसली. कागद हातात, घडी घालतेय, उघडतेय.

"यांना लागल्या व्हत्या," ती म्हणाली. कोणाला म्हणाली देव जाणे. "बारा वरसां झाली. मोरीन मुंग्या. रोज. मी फिनेल टाकत व्हते. वाटला पावसाच्या हायेत. कोनाला बोलले नाय. बोलले असते तं पाय रायला असता."

मला तिची दया आली का? खरं सांगते, नाही आली तेव्हा. मी म्हटलं, "म्हणून मला उपाशी मारायचं?"

"चोरटी," ती म्हणाली. पण तिचा आवाज फाटला.

इंजेक्शन झालं, रिक्षाने घरी आलो. घरी आल्यावर सासूने तो कागद पुन्हा फ्रिजला लावला, मात्र आता ज्या बाजूला सासऱ्यांचा औषधांचा डबा असतो त्या बाजूला, खाली. मग भाकरी थापायला बसली. सासरे ओटीवर. मी पोरीला घेऊन दारात उभी राहिले. एक गोष्ट अजून घशात अडकली होती, आणि आज बोलले नसते तर कधीच बोलले नसते.

"आई, खडीसाखर पण मीच खाल्ली. बाबांनी नाही."

तिचे हात परातीत थांबले. तिने वळून ओटीवर बघितलं. "मंग तुमी का व्हय म्हनलात?"

सासरे मांडीवरून हात फिरवत राहिले, जिथे पाय संपतो तिथपर्यंत. मग म्हणाले, "मना चार वरसां भूक लागते, वेणू. तुना ठावं नाय ती कशी असते. मी सुनेच्या डोल्यान बगितली." आणि पुढे म्हणाले, "तू कदी इचारलंस नाय."

चुलीवरची भाकरी करपायला लागली. सासूने ती तशीच हाताने उलटली, चटका बसला तरी. मग उठली. कपाटावरचा डबा उतरवून माझ्यासमोर आपटला. पाण्याचा तांब्या भरून शेजारी आपटला, पाणी माझ्या पायावर उडालं. दुसरा तांब्या घेऊन ओटीवर गेली आणि सासऱ्यांच्या खुर्चीपाशी ठेवला. परत आली आणि माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. डोळे लाल. मला वाटलं, आता देतेय एक ठेवून.

"भूक लागली का तुना, भवाने?" तिने विचारलं.

बाळ घेऊन आल्यापासून पाच आठवडे या घरात होते मी. दुधी विचारला होता, औषध विचारलं होतं, पोरगी शी करते का विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं.

"लागलीय," मी म्हटलं. "खूप लागलीय, आई."

"मंग ताट घे. आदी भाकरी, मंग लाडू," ती म्हणाली आणि परातीकडे वळली. "आन माज्यासमोर खा. खनान ठेवलास तं बघ."